ग्रीक चिलखत घ्यायचं आहे, अगदी मुळाबरहुकूम. कुठून आणि कसं?

उनाड_हेलस
मंडळी, प्रश्न विचित्र आहे हे मान्य. आधी हसून घ्या, मग उत्तरं द्या.

मी सहा वर्षं स्टुटगार्टला आहे. ऑफिसातल्या एकाच्या नादाने इथल्या एका हौशी गटात शिरलो. हे लोक इसवीसनपूर्व पाचव्या शतकाच्या सुरुवातीचे हॉप्लाइट, म्हणजे मोठी गोल ढाल आणि भाला घेऊन रांगेत लढणारे ग्रीक नागरिक-सैनिक, होऊन मैदानात उतरतात. २०११ साली मॅरेथॉनच्या लढाईला अडीच हजार वर्षं झाली, तेव्हा असले हौशी लोक देशोदेशींहून खुद्द मॅरेथॉनला जमले होते. (लढाई इसपू ४९० ची आणि शून्य साल नसतं, म्हणून २०१० नव्हे, २०११. हे मला पहिल्याच दिवशी ऐकवण्यात आलं. गटाचा स्वभाव कळला असेलच.)

नियम एकच: अंगावर जे घालाल त्याचा पुरावा दाखवा. ढाल आणि भाला गटाकडून उसना मिळतो, चिलखत मात्र स्वतःचं लागतं. जालावर छातीपोटाचे स्नायू उठवलेली पितळी चिलखतं ढिगाने दिसतात आणि त्यातली बरीच आपल्याच देशात होतात, डेहराडून, रुरकी, मुरादाबाद वगैरे. दिवाळीत पुण्याला येतोय. तेव्हाच घेऊन टाकावं का? कुणी घेतलंय? किती वजन, काय बघून घ्यायचं?

चकटफू
पहिला! रुमाल टाकून ठेवतो.
विमानतळावर बॅग उघडायला लावतील तेव्हाचा फोटो मात्र इथे टाका.

माजघर
घाई करू नका. 'ग्रीक चिलखत द्या' म्हणणं म्हणजे दुकानात जाऊन 'भारतीय साडी द्या' म्हणणं. दुकानदार जी खपत नाही ती देईल.

विक्रेत्याला एवढंच विचारा: हे कुठल्या मूळ वस्तूवरून केलंय? ती कुठे सापडली आणि आज कुठल्या संग्रहालयात आहे? उत्तर नाही आलं तर ती दिवाणखान्यात टांगायची वस्तू. वाईट नव्हे, पण तुमच्या गटात चालायची नाही.

आता मुळं कुठली कुठली आहेत ते बघू. सगळ्यात जुनं म्हणजे डेंड्राचं. १९६० साली ग्रीसच्या आर्गोलिस भागात एका थडग्यात मिळालं, आता नाफ्प्लिओच्या संग्रहालयात आहे. गळ्यापासून मांड्यांपर्यंत कांस्याचे पत्रे, लांबून पाहिलं तर पिंपच. पण ते इसपू पंधराव्या शतकातलं. ते घालून मॅरेथॉनला जाणं म्हणजे पेशव्यांच्या दरबारात बदामीच्या चालुक्यांचा वेश करून जाणं. (अवांतर: हे पिंप फक्त मिरवायचं असणार असं बरेच जण म्हणत. २०२४ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात तेरा ग्रीक सैनिकांना त्याची प्रतिकृती घालून अकरा तास लुटुपुटूची लढाई करायला लावली. केली त्यांनी.)

मग घंटेच्या आकाराचं. आर्गोसला १९५३ साली थडग्यात सापडलं, इसपू आठव्या शतकाच्या शेवटचं. पुढचा पत्रा, मागचा पत्रा आणि कमरेशी बाहेर वळलेली कड, घंटेसारखी. हा प्रकार पुढे दोनेकशे वर्षं चालला. मॅरेथॉनच्या वेळी एखाद्याने आजोबांचं घातलं असेल, इतपतच.

तुम्ही जालावर बघताय ते स्नायूंचं उरस्त्राण. ग्रीक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. पण आज जी खरी उरलीत, त्यातली बहुतेक दक्षिण इटलीतल्या थडग्यांतली आणि इसपू चौथ्या शतकातली आहेत. म्हणजे तुमच्या लढाईनंतर शंभर-दीडशे वर्षांनी. ४९० साठी ते ओढूनताणून बसवावं लागेल आणि गटातला शून्य-सालवाला माणूस तुम्हाला सोडणार नाही.

तुमच्या काळाचं खरं चिलखत चौथंच आहे, आणि त्याचा एकही नमुना उरलेला नाही. पुढच्या वेळी लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

घाटवाटा
कुकर बंद करा हो ताई, इथे जीव टांगणीला लागलाय.

अक्षांश
तोवर वजनाचं बघू. कांस्य घनसेंटिमीटरला साधारण ८.८ ग्रॅम, म्हणजे एक चौरस मीटरचा एक मिलिमीटर जाड पत्रा ८.८ किलो. पुढचा आणि मागचा भाग मिळून अर्ध्या चौरस मीटरच्या आतच बसतो. म्हणजे एक मिलिमीटरला चार किलो, दोन मिलिमीटरला आठ.

जुने पत्रे बहुतेक एक मिलिमीटरच्या आसपास असायचे. तेव्हा कुणी 'भरभक्कम, दहा किलो' म्हणून विकत असेल तर ती फुशारकी नव्हे, कबुली समजा. आणि खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर आत लोखंड आणि वर मुलामा. पितळ किंवा कांस्य चुंबकाला दाद देत नाही.

तांबटआळी
राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्या घरात चार पिढ्या तांब्याची भांडी घडवतात, कसबा पेठेत. चिलखत कधी केलेलं नाही, पण पत्रा कळतो.

पहिली गोष्ट. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कांस्य म्हणजे तांबं आणि कथील. जालावरचं बहुतेक पितळ आहे. रंग पिवळाजर्द. ग्रीकांचं कांस्य, त्यात कथील दहा टक्क्यांच्या आसपास. त्याला सोनेरी, जराशी तांबूस झाक असते. शेजारी ठेवली तर पोरगंही ओळखेल.

दुसरी गोष्ट. कांस्य म्हणजे आपलं ताटवाटीचं कासं असं समजून भांडी आळीत जाऊ नका. त्या काशात कथील बावीस टक्क्यांपर्यंत असतं. ते गार ठोकलं की तडकतं, तापलेलं असतानाच घडवावं लागतं. दहा टक्क्यांचं गार ठोकता येतं. ठोकत गेलं की कडक होतं, मग तापवून नरम करायचं, परत ठोकायचं. तापवून पाण्यात बुडवलं तरी नरमच राहतं, पोलादाच्या उलट. शेवटचे ठोके दिल्यावर पुन्हा तापवायचं नाही. तो कडकपणाच तुम्हाला वाचवणार. आमच्या मठाराचंही तेच. लोक नक्षी म्हणून बघतात, पण त्या ठोक्यांनीच हंड्याला अंग येतं.

बाजारात फॉस्फर ब्राँझ मिळतं, त्यात कथील बहुधा पाच ते आठ टक्के. ते चालून जावं. पण ते अरुंद पट्ट्यांत जास्त येतं. छाती निघेल एवढा रुंद पत्रा मिळतो का ते आधी बघा, मग कारागीर शोधा.

तयार माल डायमध्ये दाबून काढतात. दाबताना पत्रा ताणला जातो आणि फुगीर जागी पातळ होतो, नेमका जिथे भाला लागायचा तिथे. कडेला जाडी मोजून 'सव्वा मिलिमीटर आहे' म्हणून खूश होऊ नका, छातीच्या उंचवट्यावर मोजा.

उनाड_हेलस
दादा, हे सोन्यासारखं लिहिलंत. तुम्हीच करून द्याल का? पैशाचं बोलू.

तांबटआळी
नाही. हंडा गोल असतो, माणूस गोल नसतो. (काही असतात.) डावं-उजवं सारखं आणायचं, काखेत घासू द्यायचं नाही, वर पोटाच्या वळ्या उठवायच्या, हा हात वेगळा आहे. तुमच्या पैशांवर मी शिकायचं हे बरं नव्हे.

खडूस_काकू
असा माणूस आजकाल दुर्मीळ. 'हो करून देतो' म्हणून आगाऊ रक्कम घेणारेच जास्त.

रानजाई
माझ्या भावाने नाटकासाठी तयार उरस्त्राण मागवलं होतं, विक्रेत्याचं नाव घेत नाही. माप लिहिलेलं 'प्रौढ'. भावाची छाती छत्तीस. आलेलं चिलखत बहुतेक पहिलवानासाठी होतं. आत दोन उशा बांधून प्रयोग केला. त्याहून वाईट म्हणजे ते कमरेच्या खाली आलं होतं. सिंहासनावर बसायचा प्रवेश होता. बसला की चिलखत वर सरकायचं आणि राजा हनुवटीपर्यंत डब्यात. प्रेक्षकांना फार आवडलं.

माजघर
रानजाई, हे वाचून कुकरची दुसरी शिट्टी ऐकू आली नाही.

पण मुद्दा तोच आहे आणि तो चोवीसशे वर्षं जुना आहे. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन याने त्याच्या आठवणी लिहिल्यात. त्यात सॉक्रेटिस पिस्तियास नावाच्या चिलखतकाराच्या दुकानात जातो. विचारतो, तुझी चिलखतं इतरांपेक्षा मजबूत नाहीत, जास्त खर्चाचीही नाहीत, मग किंमत का जास्त? पिस्तियास म्हणतो, माझी प्रमाणबद्ध असतात. सॉक्रेटिस खोदतो: बेढब अंगाच्या माणसाचं प्रमाणबद्ध कसं करतोस? तर म्हणे, त्याच्या अंगाला बसेल असं. मग दोघांचं एकमत होतं की नीट बसलेल्या चिलखताचं वजन गळ्याजवळची हाडं, खांदे, छाती, पाठ, पोट असं वाटलं जातं, ते ओझं न वाटता अंगाचाच भाग वाटतं. न बसणारं सगळं खांद्यावर लोंबतं आणि रुततं.

धातूचं उरस्त्राण कंबर जिथे सगळ्यात बारीक तिथे संपायला हवं. स्नायूंच्या लांब प्रकारात पुढची कड ओटीपोटावर खाली उतरते, पण बाजूंनी वर चढते, म्हणून वाकता येतं. तयार मालात नेमकं हेच चुकतं.

किमतीवर रडणारेही तेव्हापासून आहेत. अॅरिस्टोफेनिसच्या 'शांती' नाटकात, इसपू ४२१, युद्ध थांबल्यामुळे धंदा बसलेला चिलखतवाला दहा मिनांचं उरस्त्राण गळ्यात मारू बघतो. दहा मिना म्हणजे हजार द्राख्मा, आणि कसबी कामगाराची रोजची मजुरी एक द्राख्मा धरतात. विनोदासाठी फुगवलेला आकडा असेल. नायक म्हणतो, घेतो की, शौचाला बसायला बरं पडेल.

चकटफू
इथे मात्र संस्कृती जुळली.

घाटवाटा
यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, विषय निघालाच आहे तर, कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या खांबांवर लेख आहेत. त्यांच्याकडे असली चिलखतं असतील का? म्हणजे पुरावा मावळातच मिळायचा!

माजघर
लेख आहेत, खरंय. पण त्यात खांब दिल्याचं लिहिलंय, अंगात काय होतं ते नाही. आणि कार्ल्याचा चैत्य कोरला जात होता तोवर मॅरेथॉनचे हॉप्लाइट पाचशे-सहाशे वर्षं जुने झाले होते. वेगळा धागा काढा, येते मी तिकडे.

आता राहिलेलं चौथं. इसपू सहाव्या शतकाच्या शेवटापासून ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत एक नवं चिलखत दिसू लागतं. धडाभोवती गुंडाळलेला ताठ पट्टा, डाव्या बाजूला बांधलेला, म्हणजे ढालीआड. पाठीकडून दोन खांदपट्टे पुढे ओढून छातीवर दोरीने बांधलेले. खाली कमरेपासून लोंबणाऱ्या पट्ट्यांच्या दोन रांगा, वरच्या रांगेतली फट खालची झाकते. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात अरिस्टिऑनची समाधिशिळा आहे, इसपू ५१० च्या सुमाराची. त्यावर बाजूने अगदी स्वच्छ दिसतं. बर्लिनला सोसियासचा कप आहे, ५०० च्या आसपासचा. अकिलीस जखमी पात्रोक्लसच्या हाताला पट्टी बांधतोय. पात्रोक्लसचा एक खांदपट्टा सुटून ताठ उभा राहिलाय. चित्रकाराने सहज काढलं असेल, पण आपल्याला कळतं की वस्तू लुळी नव्हती, लवचीक आणि ताठ होती. उनाडराव, बर्लिन तुम्हाला जवळ आहे, बघून या.

तुमचं चिलखत हे. आणि ते मुरादाबादला मिळणार नाही, कारण ते धातूचं नाही.

उनाड_हेलस
म्हणजे लिनोथोरॅक्स? गटात यावरून दोन तट आहेत, एकमेकांना बिअरही पाजत नाहीत.

सरसकट
शेवटी माझा विषय आला. लिनोथोरॅक्स म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडाचे थर सरसाने चिकटवलेलं चिलखत. विस्कॉन्सिन-ग्रीन बे विद्यापीठात ग्रेगरी अल्ड्रेट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सशाच्या कातड्याचा सरस वापरून केलं, बाण मारून तपासलं, एका विद्यार्थ्याने तर अंगावर घालून बाण झेलला. साधारण सेंटिमीटरभर जाडीने काम भागलं. थर चिकटल्यावर कात्रीने कापेना, विजेची करवत लागली. २०१३ साली त्यांचं पुस्तकही आलं. आणखी काय हवं?

माजघर
पुरावा हवा. त्यांनी दाखवलं की असं करता येतं आणि ते चालतं. ग्रीकांनी तसंच केलं हे त्यावरून ठरत नाही. सरसाची कल्पना पीटर कॉनली या अभ्यासक-चित्रकाराच्या पुनर्निर्मितीपासून लोकप्रिय झाली. त्या काळच्या एकाही ग्रीक लेखकाने चिलखताच्या संदर्भात सरस म्हटलेलं नाही. तागाच्या नव्हे, जवसाच्या कापडाचं चिलखत होतं हे नक्की: होमर आपल्या काव्यात दोघा योद्ध्यांना ते घालतो, हेरोडोटस इजिप्तच्या अमासिस राजाने लिंडोसला वाहिलेल्या चिलखताचा एकेक धागा तीनशे साठ तंतूंचा असल्याचं सांगतो, प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे अलेक्झांडरने गौगामेलाच्या लढाईत आधीच्या इससच्या लढाईतल्या लुटीतलं दुहेरी जवसाचं चिलखत घातलं होतं. पण चिकटवलेलं? कुठेही नाही.

शिवाय चित्रातलं चिलखत कापडाचंच कशावरून? झेनोफन 'स्पोलास' म्हणतो आणि जुने कोशकार त्याचा अर्थ चामड्याचं, खांद्यावरून घ्यायचं चिलखत असा देतात. काही अभ्यासकांच्या मते चित्रांतली बरीच चिलखतं चामड्याचीच.

सरसकट
मग ताठपणा कुठून आला? लुळं कापड खांद्यावर उभं राहत नाही. तुम्हीच म्हणालात.

खडूस_काकू
तुम्ही आयुष्यात गोधडी शिवली नाहीये, म्हणून हा प्रश्न पडतो. जुन्या नऊवारी सात-आठ थर घालून बारीक दोऱ्याने जवळजवळ टाके घाला, उभे आणि आडवे. आमच्या सासूबाईंची एक गोधडी होती, भिंतीला टेकवली तर उभी राहायची. पंधरा-वीस थर घ्या आणि दाभणाने दाट शिवा, सरस लागणार नाही. सरस घामात विरघळतो, हे ज्याने कधी सुतारकाम पाहिलंय त्याला विचारा.

सरसकट
म्हणूनच त्यांनी वरून मेण लावलं होतं.

खडूस_काकू
म्हणजे आधी चूक, मग चुकीवर मेण.

अक्षांश
काकूंना माझ्याकडून एक चहा.

माजघर
गोधडीलाही थेट पुरावा नाही, प्रामाणिकपणे सांगते. पण कापड शिवणं सगळ्या जगाला येत होतं, तेवढी तरी बाजू वरचढ. गटात जाताना 'हे माझं अनुमान, आणि ही त्याची कारणं' असं सांगायची तयारी ठेवा. लोखंडाचं करायची लहर आली तर त्याचंही मूळ आहे: १९७७ साली पुरातत्त्वज्ञ अँड्रोनिकोसना ग्रीसमधल्या व्हर्जिनाच्या राजथडग्यात याच घाटाचं मिळालं, लोखंडी पत्र्याचं, पाचेक मिलिमीटर जाड, सोन्याच्या पट्ट्या आणि सिंहमुखं लावलेलं. पण ते मॅसिडोनियाच्या राजघराण्याचं, इसपू चौथ्या शतकातलं. तुमचा हॉप्लाइट शेतकरी आहे.

उनाड_हेलस
ठरलं. गोधडी. काकू, कापड कुठलं घेऊ?

खडूस_काकू
लिनन म्हणजे जवस, अळशी. जिची चटणी खातो तिच्याच खोडाचा धागा. दुकानात 'लिनन लूक' मिळतं, त्यावर जाऊ नका. कोपरा जाळून बघा, वितळून गाठ झाली तर पॉलिस्टर. कागदासारखं जळून मऊ राख झाली तर सुती किंवा जवस. त्या दोन्हींतला फरक जाळून कळत नाही, तिथे दुकानदार विश्वासाचा हवा. बिनरंगी घ्या. आधी दोनदा गरम पाण्यातून काढून आटवा, नाहीतर पहिल्या पावसात चिलखत झबलं होईल. थर मोजू नका, जाडी मोजा. आणि कापायच्या आधी पुठ्ठ्याचं करून अंगावर घाला. ब्लाउज शिवणारी बाईसुद्धा आधी अस्तर बेतते.

तांबटआळी
काकूंना दुजोरा. आम्हीही नवा घाट आधी पुठ्ठ्यावर बघतो. आणि छातीवर दोरी ओवायच्या कड्या लागतील तेव्हा सांगा. त्या कांस्याच्या करून देतो, तेवढं मला येतं.

चकटफू
'अँटिक फिनिश' देऊ नका हां दादा.

तांबटआळी
हसू नका, लोक खरंच मागतात. संग्रहालयात हिरवं-काळं दिसतं ते मातीत पडून. ज्याच्या अंगावर होतं तो घासून लखलखीत ठेवत असणार. कड्या चिंचेने घासून देईन.

उनाड_हेलस
(तीन महिन्यांनी) धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा होता.

पुठ्ठ्याची तीन चिलखतं झाली. पहिलं घालून खुर्चीत बसलो तर कड मांडीत रुतली, दोन बोटं कापली. दुसऱ्यात हात वर जाईना, म्हणजे भाला उगारताच येईना. काखेचा गोल वाढवला. तिसरं घालून आख्खा रविवार घरात वावरलो, भांडी घासली, जिना चढलो. मग कापड कापलं. दिवाळीत आणलेल्या कड्या लावल्या, त्यांचं गटात फार कौतुक झालं. तांबटदादांना मेल केलाय. शिवायला अकरा आठवडे लागले, रोज रात्री तास-दीड तास. बोटांचं विचारू नका. वजन साडेचार किलो भरलं.

काल पहिल्यांदा पूर्ण घालून सरावाला गेलो. शून्य-सालवाल्याने चारी बाजूंनी फिरून पाहिलं, टाके मोजले, नाक मुरडलं आणि म्हणाला, चालेल. घरी येऊन छातीवरची दोरी सोडली तर डावा खांदपट्टा ताडकन उभा राहिला आणि कानशिलावर बसला. थेट बर्लिनचा पात्रोक्लस. फोटो टाकतो.

सरसकट
उभा राहिला ना? खरं सांगा, सरस लावलात की नाही?

उनाड_हेलस
काकू, तुम्ही हे वाचू नका. खांदपट्ट्यांच्या कडेला, दोन बोटं.